गावाच्या हातातला एक दिवस

रायगड म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर किल्ला उभा राहतो. परंतु मध्य भारतात आणखी एक रायगढ आहे. छत्तीसगडच्या पूर्व टोकाला, ओडिशाच्या सीमेला लागून असलेला हा जिल्हा महाराष्ट्रातील फारच थोड्या लोकांनी पाहिला असेल. तरीही या जिल्ह्यातील तमनार तालुक्याशी महाराष्ट्राचे एक नाते जुळले आहे. ते नाते विजेचे आहे.

तमनार परिसरातून केलो नदी वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांना जमिनीखाली कोळशाचे जाड थर आहेत. त्यांतील 'गारे पेल्मा सेक्टर दोन' हा खाणपट्टा केंद्र सरकारने २०१५ साली महाराष्ट्राच्या महानिर्मिती कंपनीला दिला. कोराडी, चंद्रपूर आणि परळी येथील एकूण ३,२३० मेगावॉट क्षमतेच्या संचांसाठी हा कोळसा वापरायचा, अशी योजना ठरली. खाणीचा विस्तार सुमारे २,५८३ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ६,४०० एकर. त्यात चौदा गावांची जमीन येते. वर्षाला २ कोटी ३६ लाख टन कोळसा काढायचा, असा आराखडा आहे. एका मालगाडीत चार हजार टन कोळसा मावतो असे धरले, तर दररोज सोळा मालगाड्या भरतील एवढा हा कोळसा होतो.

वीज सर्वांनाच हवी असते. देशातील सुमारे पाऊणपट वीज आजही कोळशापासून तयार होते. २०२४-२५ या वर्षात देशाच्या कोळसा उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. तेव्हा 'कोळसा नकोच' असे म्हणणे सोपे नाही. पण कोळसा ज्यांच्या शेताखालून निघतो, त्यांना कोणी काही विचारते की नाही? विचारत असेल तर कधी, कुठे आणि कसे? त्यांनी दिलेल्या उत्तराचे पुढे काय होते? हे प्रश्न तमनारच्या शेतकऱ्याइतकेच चंद्रपूर-वणीच्या शेतकऱ्याचे आहेत आणि उद्या ते कोणाच्याही गावाचे होऊ शकतात.

उघडी खाण म्हणजे काय?

कोळशाची खाण म्हटली की अनेकांना डोक्यावर दिवा बांधून जमिनीच्या पोटात उतरणारे कामगार आठवतात. तो काळ आता बराचसा मागे पडला आहे. आज देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, उमरेड या भागांतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांनी या खाणी आणि त्यांच्या शेजारी उभे राहिलेले करड्या मातीचे डोंगर पाहिले असतील. ते डोंगर निसर्गाने निर्माण केलेले नाहीत. कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरची जी माती आणि जो खडक उचलावा लागतो, त्याचे ते ढीग असतात.

उघड्या खाणीत प्रथम झाडे जातात, नंतर सुपीक मातीचा थर जातो आणि मग सुरुंग लावून खडक फोडला जातो. खड्डा खोल गेला की आजूबाजूच्या जमिनीतील पाणी त्यात पाझरू लागते. कोळसा कोरडा राहावा म्हणून ते पाणी पंपाने सतत उपसावे लागते. साहजिकच जवळपासच्या विहिरींची पातळी खाली जाण्याचा धोका असतो. कोळशाने भरलेले डंपर रस्त्यावरून धावू लागले की धूळ उडते. दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत काळवंडतात, अंगणात वाळवण घालता येत नाही, लहान मुलांचा खोकला हटत नाही आणि सुरुंगाच्या हादऱ्यांनी घराच्या भिंतींना चिरा जातात.

दुसरी बाजूही आहे. खाणीमुळे काहींना नोकरी मिळते, जमिनीचा मोबदला मिळतो, रस्ते होतात, दुकाने चालतात. त्यामुळे गावातही सर्वांचे मत एकच नसते. एकाच घरात वडिलांचा जमीन देण्याला विरोध असतो आणि मुलाला खाणीत नोकरी हवी असते. म्हणूनच खाण सुरू होण्यापूर्वी तिचा नफा-तोटा सर्वांसमक्ष मांडला जावा, अशी तरतूद कायद्याने केली आहे.

मंजुरीची वाट

भारतात मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय तपासणीला १९७०च्या दशकाच्या अखेरीस धरणांपासून सुरुवात झाली. तिला कायद्याचे बंधन आले ते २७ जानेवारी १९९४च्या अधिसूचनेने. जनसुनावणीचा नियम त्यानंतर तीन वर्षांनी, एप्रिल १९९७ मध्ये आला. आज जी पद्धत चालते, तिचा मुख्य आधार १४ सप्टेंबर २००६ची अधिसूचना हा आहे. तिच्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, पण मूळ चौकट तीच आहे.

मोठ्या कोळसा खाणीचा प्रस्ताव केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जातो. मंत्रालयाची तज्ज्ञ समिती कंपनीने कोणकोणत्या गोष्टींचा अभ्यास करायचा, हे ठरवून देते. हवा, पाणी, आवाज, माती, वनस्पती, प्राणी, माणसांचे आरोग्य आणि उदरनिर्वाह असे अनेक विषय त्यात असतात. खाणीपासून साधारणपणे १० किलोमीटरपर्यंतचा परिसर अभ्यासला जातो. त्यावरून पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मसुदा तयार होतो. त्यानंतर जनसुनावणी होते. तीत आलेल्या आक्षेपांची उत्तरे घालून अहवाल अंतिम केला जातो आणि तज्ज्ञ समितीपुढे ठेवला जातो. समिती शिफारस करते आणि मंत्रालय निर्णय देते.

या वाटेवरील बहुतेक सर्व पावले दिल्लीत, राजधानीच्या शहरात किंवा कंपनीच्या कचेरीत पडतात. अहवाल सल्लागार संस्था लिहिते. तिला मान्यता सरकारमान्य यंत्रणेची असली, तरी तिचे पैसे कंपनीच देते. तज्ज्ञ समितीची बैठक दिल्लीत होते. ज्यांच्या दारात खाण येणार, त्यांना समोरासमोर बोलण्याची संधी या प्रवासात एकदाच मिळते आणि ती म्हणजे जनसुनावणीचा दिवस.

नियम काय सांगतो?

हा एक दिवस कसा असावा, हे नियमाने बरेच तपशीलवार सांगितले आहे. मात्र ज्यांच्यासाठी तो लिहिला, त्यांनाच बहुतेक वेळा तो ठाऊक नसतो.

सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी लागते. ती भरवण्याची जबाबदारी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची असते. तारीख किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात जाहीर करावी लागते. जिथे वृत्तपत्र पोचत नाही, तिथे दवंडी पिटून किंवा रेडिओ-दूरदर्शनवरून कळवावे, असे नियमातच म्हटले आहे. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. संपूर्ण अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो, परंतु त्याचा सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे.

सुनावणीच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असावा लागतो. प्रथम कंपनीचा प्रतिनिधी प्रकल्पाची माहिती देतो. त्यानंतर उपस्थितांपैकी प्रत्येकाला प्रश्न विचारण्याचा आणि मत मांडण्याचा हक्क असतो. सर्व कामकाजाचे चित्रीकरण होते. गणसंख्येची अट नसते, म्हणजे दहा माणसे आली तरी सुनावणी ग्राह्य ठरते. गावाने बहिष्कार घातला की सुनावणी आपोआप रद्द होते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी शेवटी येते. दिवसभरात मांडल्या गेलेल्या मतांचे आणि शंकांचे इतिवृत्त तयार करायचे, ते तिथेच जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचे आणि त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने त्यावर सही करायची, असा नियम आहे. पुढे हे इतिवृत्त पंचायतीच्या आणि जिल्हा परिषदेच्या कार्यालयात लोकांना पाहण्यासाठी लावावे लागते. दिल्लीतील समितीपुढे गावाची बाजू पोचते ती याच कागदातून.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक लोक भाषणे संपली की घरी जायला निघतात. दूरच्या गावांची माणसे आलेली असतात, दिवस मावळत आलेला असतो, घरी गुरे सोडवायची असतात. इतिवृत्त वाचले गेले की नाही, त्यात आपले म्हणणे आले की नाही, हे पाहायला फार थोडे मागे थांबतात. पुढच्या सगळ्या वाटचालीत मात्र त्या मागे थांबलेल्यांचेच काम उपयोगी पडते.

न्यायालयाने काय पाहिले?

आपल्याकडच्या तीन प्रकरणांवरून ही गोष्ट नीट समजते.

पहिले प्रकरण गोव्याचे आहे. सांगे तालुक्यातील रिवण येथील लोहखनिजाच्या उघड्या खाणीच्या मंजुरीला 'उत्कर्ष मंडळ' या संस्थेने आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल देताना एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. जनसुनावणीत आलेल्या आक्षेपांचा तज्ज्ञ समितीने खरोखरच विचार केला पाहिजे आणि ते का मान्य केले किंवा का फेटाळले, याची कारणे नोंदवली पाहिजेत. नुसते 'विचार केला' असे लिहून भागणार नाही. खनिज कोणतेही असो, हे तत्त्व सर्व खाणींना लागू पडते.

दुसरे प्रकरण तमनार परिसरातलेच, 'गारे चार बटे सहा' या खाणपट्ट्याचे आहे. हा पट्टा जिंदाल समूहाच्या पोलाद कंपनीकडे होता. जानेवारी २००८ मध्ये त्याची जनसुनावणी झाली. त्या दिवशी मोठा गोंधळ उडाला आणि पोलिसांनी लाठीमारही केला. पुढे २००९ साली खाणीला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. 'आदिवासी मजदूर किसान एकता संघटन' या स्थानिक संघटनेने तिला आव्हान दिले. राष्ट्रीय हरित लवादाने २० एप्रिल २०१२ रोजी मंजुरी रद्द केली. ही केवळ किरकोळ त्रुटी नसून जनसुनावणीची थट्टाच झाली आहे, अशा आशयाचे कडक शब्द लवादाने वापरले.

हा लढा लढणाऱ्यांना त्याची किंमतही मोजावी लागली. रायगढ शहरात इंटरनेटचे छोटेसे दुकान चालवणारे रमेश अग्रवाल हे गावकऱ्यांना माहितीच्या अधिकारातून कागदपत्रे मिळवून देत असत आणि त्यांतील मजकूर समजावून सांगत असत. निकालानंतर काही आठवड्यांतच, जुलै २०१२ मध्ये त्यांच्यावर दुकानात गोळीबार झाला आणि त्यांचा पाय जायबंदी झाला. २०१४ साली त्यांना पर्यावरण क्षेत्रातील जगप्रसिद्ध गोल्डमन पुरस्कार मिळाला. सामान्य माणसाने कागद वाचणे किती लोकांना खुपते, हे यावरून लक्षात यावे.

तिसरे प्रकरण महानिर्मितीच्या खाणीचे. तिची जनसुनावणी २७ सप्टेंबर २०१९ रोजी तमनार तालुक्यातील डोलेसरा येथे झाली. जुलै २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. गावकरी हरित लवादाकडे गेले. लवादाने १५ जानेवारी २०२४ रोजी ती मंजुरी रद्द ठरवली. जनसुनावणी योग्य आणि न्याय्य रीतीने झाली नाही, तसेच परिसरातील लोकांच्या आरोग्याविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अहवालात केलेल्या शिफारशींकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे त्यामागचे प्रमुख मुद्दे होते.

या तिन्ही प्रकरणांत न्यायपीठाने 'खाण चांगली की वाईट' हा प्रश्न मुख्य मानला नाही. मंडपात विरोध करणारे किती होते आणि पाठिंबा देणारे किती, याचीही मोजदाद केली नाही. लोकांना बोलू दिले का, त्यांचे म्हणणे नोंदवले का आणि त्याला उत्तर दिले का, एवढेच पाहिले. जे कागदावर आले होते, त्याच्याच आधारे हे प्रश्न विचारता आले. घोषणा हवेत विरून जातात. नोंदवलेला आक्षेप मात्र दहा वर्षांनीही न्यायालयात उभा राहतो.

या दिवसाच्या मर्यादा

जनसुनावणी म्हणजे सर्व रोगांवरचा रामबाण उपाय आहे, असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये.

ही सुनावणी म्हणजे मतदान नाही. संपूर्ण गावाने 'नको' म्हटले तरी मंजुरी मिळू शकते, फक्त आक्षेपांना उत्तर द्यावे लागते. निकाल बाजूने लागला तरी लढाई तिथे संपतेच असेही नाही. महानिर्मितीच्या खाणीला मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा मंजुरी दिली. जून २०२५ मध्ये मुडागाव आणि सराईटोला परिसरात मोठ्या पोलीस बंदोबस्तात हजारो झाडे तोडली गेली आणि त्यावेळी विरोध करणाऱ्यांना ताब्यात घेण्यात आले. 'गारे चार बटे सहा'चे वाटपही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या कोळसा खाणपट्ट्यांसंबंधीच्या निकालाने रद्द झाले होते, परंतु पुढच्या लिलावात तो पट्टा पुन्हा जिंदाल समूहाकडेच गेला.

मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणालाही वाटेल. उपयोग असा की प्रत्येक फेरीत प्रकल्पाला काही नव्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. आरोग्याचा अहवाल फाइलमध्ये येतो, पाण्याचा हिशेब पुन्हा मागितला जातो, मंजुरीला अटी जोडल्या जातात. पुढे त्या अटी मोडल्या गेल्या तर कोणाला जाब विचारायचा, हे लेखी ठरलेले असते. अटींचे पालन कसे झाले, याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि तो नागरिकांना पाहता येतो.

दुसरी मर्यादा अशी की हा दिवस हळूहळू आक्रसतही चालला आहे. चालू खाणीचा विस्तार करायचा असेल, तर ठराविक मर्यादेत आणि काही अटींवर नवी जनसुनावणी माफ करण्याचे निर्णय मंत्रालयाने वेळोवेळी घेतले आहेत. २०२२ साली ही सवलत काही कोळसा खाणींसाठी मूळ क्षमतेच्या ५० टक्के विस्तारापर्यंत नेण्यात आली. मार्च २०२० मध्ये निघालेल्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात सुनावणीच्या सूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. त्यावर देशभरातून लाखो हरकती गेल्या आणि तो मसुदा अंतिम अधिसूचनेत उतरला नाही. लोकांनी लिहून पाठवलेल्या हरकतींना वजन असते, याचे हे एक चांगले उदाहरण म्हणता येईल.

इथे आणखी एक फरक समजून घ्यायला हवा. जनसुनावणी आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदिवासींचे वनहक्क जिथे गुंतलेले असतात, तिथे २००६च्या वनाधिकार कायद्याने ग्रामसभेला स्वतंत्र स्थान दिले आहे. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइटच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये तेथील आदिवासींच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. त्या बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी खाण नाकारली. तिथे खाण झाली नाही. सुनावणीच्या मंडपात गाव आपले म्हणणे मांडते, तर ग्रामसभेत गाव ठराव करते. ज्या गावाला दोन्ही दारे उघडी आहेत, त्याने दोन्ही दारांतून आत गेले पाहिजे.

बायकांचे म्हणणे

जनसुनावणीच्या मंडपात पुढच्या खुर्च्यांवर बहुधा पुढारी, कंत्राटदार आणि मोठे जमीनमालक दिसतात. बायका मागे किंवा कडेला बसतात. माईक त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत दिवस संपलेला असतो. 'आपल्याला कुठे त्या अहवालातले कळते' असे म्हणून त्या स्वतःच मागे राहतात.

वास्तविक त्या अहवालातील निम्मा विषय त्यांचाच असतो. विहिरीला मे महिन्यात किती हात दोर लागतो, हातपंप कोणत्या महिन्यात कोरडा पडतो, नदीचे पाणी केव्हा गढूळ होते, जंगलातून मोहफुले, तेंदूपाने, चार आणि सरपण किती मिळते, कोणत्या घरात दम्याचे आजारी आहेत, हे घरातील बाईइतके कोणाला ठाऊक असते? सल्लागार संस्थेची माणसे बहुतेक वेळा पावसाळा सोडून एका ऋतूत येतात, मोजमापे घेतात आणि जातात. बाई त्या विहिरीवर बाराही महिने जाते. अहवालात पाण्याची पातळी एक लिहिली असेल आणि तिचा दोर दुसरीच सांगत असेल, तर तो साधासुधा मुद्दा नव्हे. तो आक्षेप आहे आणि तो तसाच, आकड्यासह, इतिवृत्तात आला पाहिजे.

अहवालात चुका नसतातच असे मानण्याचे कारण नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात चक्क रशियातील एका खाणीच्या अहवालातून उतरवलेला मजकूर आढळला होता. अहवालात लिहिलेला निसर्ग आपल्या गावचा नाही, हे गावाशिवाय आणखी कोण ओळखणार?

आपल्या गावात सुनावणी असेल तर

खाण असो, सिमेंटचा कारखाना असो की वीज केंद्र, जनसुनावणीचे नियम साधारण सारखेच असतात. तेव्हा पुढील गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात.

वृत्तपत्रातील सूचनेचे कात्रण काढून तारखेसह जपून ठेवावे. ३० दिवसांपेक्षा कमी मुदत दिली असेल, तर तेवढ्यावरच लेखी हरकत घेता येते.

अहवालाचा सारांश मराठीत मागून घ्यावा. संपूर्ण अहवाल कुठे ठेवला आहे, हे विचारून तिथे जाऊन पाहावा. गावातील शाळेचे शिक्षक, महाविद्यालयात शिकणारी मुले किंवा एखादा वकील यांच्या मदतीने निदान पाणी, धूळ, पुनर्वसन आणि रस्ते ही प्रकरणे वाचून काढावीत.

चार-पाच मोजके मुद्दे आधीच कागदावर लिहावेत. 'आम्हाला प्रकल्प नको' एवढेच म्हणण्यापेक्षा 'अहवालाच्या अमुक पानावर आमच्या गावात विहीर नाही असे लिहिले आहे, प्रत्यक्षात इतक्या विहिरी आहेत' असे म्हणणे अधिक परिणामकारक ठरते. ज्यांना खाण हवी आहे, त्यांनीही नोकरी, मोबदला आणि पुनर्वसन यांची आश्वासने तोंडी न घेता कंपनीच्या प्रतिनिधीकडून तिथेच वदवून घ्यावीत, म्हणजे ती नोंदली जातील.

लेखी निवेदन दोन प्रतींत न्यावे. एक प्रत अधिकाऱ्याला देऊन दुसऱ्या प्रतीवर पोचपावतीची सही आणि शिक्का घ्यावा. ज्यांना सुनावणीला जाणे शक्य नाही, पण ज्यांचा प्रकल्पाच्या परिणामांशी खराखुरा संबंध आहे, त्यांनाही आपले म्हणणे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी पाठवता येते. नोकरीसाठी मुंबई-पुण्याला असलेल्या मुलांनी गावाकडच्या सुनावणीसाठी निदान एवढे जरूर करावे.

भाषणे संपल्यावर काही जाणत्या माणसांनी आणि बायकांनी मागे थांबलेच पाहिजे. इतिवृत्त वाचून दाखवण्याची मागणी करावी. आपला मुद्दा सुटला असेल, तर तो तिथल्या तिथे घालायला सांगावे. नंतर त्याची प्रत मिळवावी.

मंजुरी मिळाली आणि ती मान्य नसेल, तर हरित लवादाकडे ३० दिवसांच्या आत दाद मागावी लागते. पुरेसे कारण असेल तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतो, पण त्यापुढे नाही. त्यामुळे निर्णयाची तारीख डोळ्यांआड होऊ देऊ नये.

विजेचे बटण दाबणाऱ्या शहरी माणसालाही या साऱ्यात एक भूमिका आहे. आपल्या राज्याची कंपनी दुसऱ्या राज्यातील चौदा गावांच्या जमिनीतून कोळसा आणत असेल, तर तिथल्या लोकांना नियमाप्रमाणे विचारले गेले का, हा प्रश्न महाराष्ट्राच्या वीजग्राहकानेही विचारायला हवा. वीज स्वस्त हवी, अखंड हवी, ही मागणी रास्तच आहे. पण ज्याच्या शेतावर खड्डा खणला जातो, त्याचे म्हणणे लिहून घेण्याइतका वेळ आणि कागद तरी या देशाला परवडलाच पाहिजे. खाण तीस-चाळीस वर्षे चालते. त्यासमोर गावाला मिळतो तो एकच दिवस, आणि त्या दिवसाची संध्याकाळ होण्यापूर्वी गावाचे म्हणणे कागदावर उतरले आहे की नाही, हे गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मंडपातून उठू नये.